दारात अडवलेलं पोतं

माझ्या गोठ्यात बाहेरचं पोतं येत नाही. हे आधी लिहून ठेवतो, बाकीचं मग.

आरे कॉलनीत माझ्या अकरा म्हशी आहेत. शाळा चौथीत सुटली ती सुटलीच. त्यामुळे मी जे लिहितो त्यात काना-मात्रा चुकेल, पण पेंडीचा वास चुकणार नाही. पोतं उसवलं की मी पहिल्यांदा त्यात नाक घालतो. मग चिमूटभर पेंड जिभेवर ठेवतो आणि दाढेखाली धरतो. चांगली सरकीची पेंड आधी कोरडी लागते, मग तेलकट. जुनी झालेली जिभेच्या मुळाशी कडू लागते. आणि आतून बुरशी धरलेली असेल तर ओल्या भिंतीला जीभ लावल्यासारखं वाटतं. जनावरांची डॉक्टरीणबाई मला ओरडते, "आजोबा, तोंडात कशाला घालता? बुरशीचं विष माणसालाही चढतं." मी म्हणतो, माझ्या म्हशी खाणार ते मी आधी खाणार. ती डोक्याला हात लावते. लावू दे.

पेंडीची खोली माझी. तिला एकच किल्ली, ती माझ्या करदोट्याला. आत विटांवर फळ्या टाकल्यात, फळ्यांवर पोती, आणि पोती भिंतीपासून हातभर लांब. हात घालून बघता आलं पाहिजे की मागे ओल आली का, उंदराची लेंडी पडली का. पावसाळ्यात पंधरा दिवसांच्या वर माल भरत नाही, कितीही स्वस्त मिळाला तरी. खिडकीला बारीक जाळी. उंदरांसाठी एक मांजर पाळलं होतं, ते बिबट्यानं नेलं. दुसरं पाळलं, तेही नेलं. मग मी बिबट्याला जेवण पुरवायचं बंद केलं आणि पिंजरे आणले.

हे सगळं बघून लोक हसतात. म्हणतात, म्हातारा पेंडीला सोन्यासारखा जपतो. सोनं खाऊन म्हैस मरत नाही, एवढंच मी सांगतो.

पोत्याची गोष्ट सांगायची तर आधी बाजाराची सांगावी लागेल.

पूर्वी मी म्हैस आणायला स्वतः जायचो. गुजरातेत बाजार भरायचा, तिथे दोन दिवस मुक्काम. लोक जातात आणि कास बघतात. कास काय, तीन वेळा धार काढली नाही की कोणाचीही तुंबते. मी कास शेवटी बघायचो. मी म्हैस खाताना बघायचो. ती गव्हाणीत तोंड कसं घालते, वरवरचं चिवडते की तळापर्यंत जाते, शेजारणीच्या पुढ्यातलं ओढते का. जी खाताना लाजत नाही ती दुधात फसवत नाही. मग व्यापारी हातावर रुमाल टाकायचा, रुमालाखाली बोटं दाबून भाव व्हायचा. आजूबाजूला शंभर माणसं उभी असली तरी सौदा दोघांचाच.

मग गाईंच्या अंगावर गाठी येणारा तो रोग आला आणि बाजारच बंद झाले. गाईंना झाला तरी म्हशींचेही बंद. बंद झाले तेव्हा भाव पडले, कारण गिऱ्हाईकच जाईना. उघडले तेव्हा असे चढले की ज्या पैशात माझा बाप दोन म्हशी दावणीला बांधायचा, त्यात आता एकीचं पुढचं अंग येईल. आणि बाजार मोबाईलमध्ये शिरला. माझ्या मुलीच्या फोनवर रोज म्हशी येतात. बादलीत फेस, पाठीमागे गाणं, आणि कोणीतरी ओरडतोय, दूध बघा दूध.

मुलगी माझ्याजवळच राहते, जावई दुधाचा टेम्पो चालवतो. धंद्याचं बाहेरचं सगळं तीच बघते आणि झकास बघते, ते मी तिच्या तोंडावर कधी म्हटलेलं नाही.

"बाबा, ही बघ," ती म्हणाली आणि फोन माझ्या नाकाशी धरला.

"खाताना दाखव."

"खाताना कोण व्हिडिओ काढतं रे?"

"मग मी कशाला बघू?"

"आज नाही म्हटलं तर संध्याकाळी दुसऱ्याच्या दारात उतरेल ती. दोन भाकड झाल्यात आपल्या. दुधाची गिऱ्हाइकं तुझ्या तत्त्वावर चहा करणार आहेत का?"

मी हो म्हटलं. दोन म्हशी ठरल्या.

ट्रक सकाळी आला. व्यापारी स्वतः बरोबर होता, चाळिशीतला, गुजरातेकडचा, गोड बोलणारा. म्हशी उतरल्या. पहिली सरळ होती. दुसरी काळीभोर, शिंगं मागे वळलेली, डोळ्यात मिजास. मी तिच्या गळ्याखाली हात फिरवला तर तिनं मान झटकली. बरं वाटलं. मग ट्रकमधून दोन पोती खाली आली.

आमच्या धंद्यात ही रीत आहे. म्हैस विकताना तिच्या नेहमीच्या खाण्याची पोतीही बरोबर द्यायची. आठ-दहा दिवस जुनं नवं मिसळून घालायचं, म्हणजे तिचं पोट बिघडत नाही. पैसे घेत नाहीत त्याचे. सासरी निघालेल्या लेकीबरोबर शिदोरी द्यावी तसं आहे ते. आणि ते नाकारणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर दार लावणं.

"काका, ये इनका खाना है," व्यापारी म्हणाला. "आठ दिन यही मिलाके देना."

"गाडीत ठेव."

"अरे, बेटी के साथ भेजा है समझो."

"बेटी पोचली. डबा परत ने."

त्याचं हसू तिथल्या तिथे गेलं. मुलगी पुढे आली. "बाबा, घेऊन ठेव ना. नको तर घालू नकोस."

"घेतलेलं घातलं जातं," मी म्हणालो.

व्यापारी तिला म्हणाला, "दीदी, दस जगह माल उतारता हूँ. ऐसा किसी ने नहीं किया."

"त्या दहा जागांचं मला माहीत नाही," मी म्हणालो. "हे पोतं कुठल्या बाजारात जमिनीवर पडलं होतं, कुठल्या आजारी जनावरानं त्याला तोंड लावलं, तुला माहीत आहे? सांग, मी घेतो."

त्याला माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नसतं. त्यानं पोती परत चढवली आणि जाताना एवढंच म्हणाला, की पुढच्या वेळी म्हैस हवी असेल तर काकांना फोन करू देऊ नका. मुलीनं त्याला चहा पाजायला नाक्यावर नेलं. मी नव्या दोघींना मागच्या वेगळ्या छपरात बांधलं. तीन आठवडे तिथेच. त्यांची बादली वेगळी, आणि त्यांची धार सगळ्यात शेवटी. मग माझ्या खोलीतली पेंड, तुरीची चुनी आणि भुसा भिजवून आंबोण ठेवलं.

पहिलीनं खाल्लं. काळीनं हुंगलं, फुंकर मारली आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी तेच. गवत चार काड्या, पाणी, बस. आमचा धार काढणारा भैया तीस वर्षं माझ्याकडे आहे. तो बादली हलवून दाखवत म्हणाला, "देखो मालिक, चहापुरतं. ये नहीं खाएगी. जिद्दी है."

"बघू."

"आपके जैसी है," तो म्हणाला आणि निघून गेला.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या गोठ्यातला एक जण कुंपणावरून डोकावला. "काय म्हातारबा, पाहुणीला उपास घडवताय? श्रावण लागला का?"

"तुझ्या म्हशींना घडव थोडा. पाणी कमी पाजावं लागेल दुधाला," मी म्हणालो. तो गेला, पण म्हशीच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या त्या काही गेल्या नाहीत.

डॉक्टरीणबाई आली. ताप नाही, तोंडात फोड नाही, खूर चांगले. म्हणाली, "आजोबा, पोतं अडवलंत ते बरोबर केलंत. पण खाणं एकदम बदलायचं नसतं. ही इथे उतरली, हिचं पोट अजून गुजरातेत आहे."

मला त्यातलं पहिलं वाक्यच ऐकू आलं. दुसरं मुलीला.

संध्याकाळी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "बाबा, नीट ऐक. ती मेली तर माझ्या फोनवरून आलेली म्हैस मेली असं लोक म्हणतील. मी विचारते तुला, का? इतकी वर्षं बघतेय, बाहेरचं पोतं नको, नको, नको. कारण काय?"

"नको म्हणजे नको."

"हे कारण नाही. हा हट्ट आहे."

"हट्ट तर हट्ट."

"मग पैज लाव. परवा संध्याकाळपर्यंत तिनं तुझं आंबोण खाल्लं नाही, तर पेंडीच्या खोलीची किल्ली माझी. काय आत जाईल, काय बाहेर राहील, मी ठरवणार. तू लुडबुड करायची नाहीस."

मी करदोट्यावर हात ठेवला. "लागली."

दोन दिवस मी त्या छपरातून हललो नाही. गूळ विरघळवून घातला. मीठ चाटवलं. माझ्या हातानं एकेक घास तिच्या ओठांशी नेला. माझ्या बापाच्या हातून न खाणारी म्हैस मी पाहिलेली नव्हती आणि माझ्या हातून न खाणारी मला पाहायची नव्हती. मी तिच्याशी बोललोसुद्धा. म्हटलं, अगं, या हातांनी किती म्हशी बाळंत केल्या, तू कोण लागून गेलीस? तिनं माझ्या मनगटावर गरम श्वास सोडला आणि मान वळवली. तिच्या जागी मी असतो तर मीही खाल्लं नसतं, हे मला कळत होतं. म्हणून तर जास्त राग येत होता.

व्यापाऱ्याला फोन करावा असं एकदाही मनात आलं नाही. खरं लिहायचं तर आलं, पण मी ते परत घालवलं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी गव्हाण भरलेलीच होती. मुलगी आली आणि तिनं बघितलं. मी करदोट्याची गाठ सोडायला लागलो. बोटं वळत नव्हती, ती मदतीला वाकली तर मी तिचा हात झटकला. किल्ली काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. वाटलं होतं ठेवून सरळ निघून जाईन. पाय निघेना. कारण किल्लीबरोबर जे द्यायला पाहिजे होतं ते अजून माझ्याकडेच होतं.

"बस," मी म्हणालो.

ती पेंडीच्या रिकाम्या टोपलीवर बसली.

ती लहान असताना आमच्या गोठ्यात लाळ-खुरकत आली होती. तोंडातून लाळेच्या तारा, जिभेवर फोड, खुरांच्या बेचक्या फाटलेल्या. सहा म्हशी गेल्या. राहिल्या त्यांचं दूध गेलं. तिची आई दिवसभर लाल औषधाच्या पाण्यानं त्यांची तोंडं आणि खूर धुवायची, तिच्या हातांचा रंग महिनाभर उतरला नव्हता. मी सगळ्यांना सांगितलं की रोग शेजारच्या गोठ्यातून वाऱ्यानं आला. त्या शेजाऱ्याशी मी भांडलो, त्याच्या घरचं लग्न टाळलं, तो गोठा सोडून जाईपर्यंत त्याला राम राम घातला नाही.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "आई सांगायची."

"आईला मी तेच सांगितलं होतं."

मग तिला सांगितलं. रोग वाऱ्यानं नव्हता आला. त्याच्या आठवडाभर आधी मी एक म्हैस आणली होती आणि तिच्याबरोबर पोतं आलं होतं. देणारा माणूस मानाचा होता, त्याचं मन मोडवेना. पोतं ओलसर होतं, त्याला एका बाजूला चिकट डाग होता. मी बघितला होता तो डाग. म्हटलं, उन्हात वाळेल. तिची आई म्हणाली, नको घालू, मी म्हणालो, तुला काय कळतं. आणि माझ्या हातानं ते सगळ्यांच्या आंबोणात कालवलं, नवीला एकटीला कशाला, सगळ्यांनाच मिळू दे म्हणून. आठव्या दिवशी ती म्हैस आणि तिच्या रांगेतल्या सगळ्या लाळ गाळत होत्या. आता डॉक्टर सांगतात की रोग म्हशीनं आणला असेल, पोत्यानं आणला असेल, दोघांनी मिळून आणला असेल. मला एवढंच माहीत आहे की म्हैस मी वेगळी बांधली नाही आणि पोतं मी आत घेतलं.

मुलीनं तळहातावरची किल्ली मुठीत धरली. मग म्हणाली, "त्या काकांशी तू उगाच भांडलास."

"हो."

"आईशीपण."

"हो, म्हटलं ना."

ती उठली, किल्ली ओढणीच्या टोकाला बांधली आणि बाहेर गेली.

आता जे सांगतो ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. व्यापाऱ्यानं त्या दिवशी चहाच्या टपरीवर एक पोतं तिच्यासाठी ठेवून दिलं होतं. म्हातारा ऐकणार नाही, तुम्ही गुपचूप घाला, म्हणाला होता. पाच दिवस ते टपरीमागे पडून होतं. किल्ली हातात आल्यावर ती तिथे गेली आणि चहावाल्याच्या शेकोटीत तिनं ते आतल्या मालासकट जाळलं. चहावाल्यानंच मला सांगितलं. तो म्हणाला, वास चांगला येत होता हो, गुळाचा.

त्या वासानंच तिला सुचलं म्हणे. तिनं तिथूनच व्यापाऱ्याला फोन लावला. पोतं मागितलं नाही. फक्त विचारलं, त्यात होतं काय? म्हैस घरी काय खायची, कोण घालायचं, कधी घालायचं?

सकाळी मी उठलो तर मागच्या छपरात चूल पेटलेली. माझ्या मोठ्या पातेल्यात बाजरी शिजत होती. शेजारी सरकी भिजवलेली. बाजरी आपल्या वाण्याकडची, सरकी आपल्या खोलीतली, गूळ आपला. बाहेरचं काही नाही. तिनं बाजरी निवू दिली, सरकीत कालवली, वरून मेथीदाण्याची भरड टाकली आणि पाटी काळीसमोर ठेवली.

काळीनं हुंगलं. कान पुढे आले. एकदा तोंड घातलं, वर काढलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग जी आत गेली ती पाटीच्या तळाचा आवाज येईपर्यंत वर आली नाही.

भैया हसायला लागला. मी म्हणालो, "खातेय तर खातेय, त्यात दात काढायचं काय?"

मुलगी म्हणाली, "बाबा, एक फोन करायचा होता रे. एकच फोन."

"मी हरलो आहे ना? मग गप्प बस."

"पोतं नको घेऊस, पण पोत्यात काय आहे ते तरी विचारायचं."

मी रिकामी पाटी उचलली आणि धुवायला नेली. रोज थोडी बाजरी कमी, आपलं आंबोण जास्त, असं करत तीन आठवड्यांत काळी आपल्या खाण्यावर आली. दूध भरलं. आता ती माझ्या हातून खाते, आणि घास संपला की मनगट चाटते. मिजास मात्र गेली नाही. जाऊही नये.

किल्ली मी परत मागितली नाही. पैज ती पैज. मी पेंडीच्या खोलीच्या दारात उलट्या बादलीवर बसतो, उंबऱ्याच्या बाहेर. लुडबुड करत नाही. बघतो.

परवा आमचा नेहमीचा पेंडवाला टेम्पो घेऊन आला. बाजार चढलाय, माल मिळत नाही, हा चांगला लॉट आहे, पटकन उतरवून घ्या, असं तो येता येताच बोलत होता. मुलीनं हात आडवा केला. एक पोतं टेम्पोतच उसवलं, नाक घातलं, कपाळाला आठी पाडली.

"दीदी, जरा दमट वाटतंय ते ताडपत्रीचं. मालाला काही नाही."

"ताडपत्रीला विचारलं मी?"

"तुमच्या बाबांनी असं कधी केलं नाही हो."

हे खोटं होतं आणि आम्हा तिघांनाही ते माहीत होतं. मी बादलीवर बसून राहिलो. बोलायचं नाही असं ठरलेलं होतं. तिनं चिमूटभर पेंड तळहातावर घेतली, चार पावलं चालत माझ्यापाशी आली आणि हात पुढे केला.

"चाख."

"डॉक्टरीणबाई ओरडेल."

"ओरडू दे. चाख आणि सांग."

मी जिभेवर ठेवली. आधी कोरडी, मग तेलकट. मग थांबलो. पेंडवाला माझ्या तोंडाकडे बघत होता, तीही. दाढेखाली धरली, आणि जिभेच्या मुळाशी आलं ते.

थुंकलो, तोंड पुसलं.

"परत पाठव," मी म्हणालो.

ती आधीच टेम्पोकडे वळली होती.